पांढरी सात

गुरुवार

"काय आहे यात?"
"पेटी."
"नोव्हेंबरात?"

समोरच्या बाकावरच्या गृहस्थांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कोकणातून मुंबईला निघालेल्या माणसाजवळ पेटी म्हणजे हापूसच, हे इतकं पक्कं आहे की वाजवायचीही पेटी असते हे वेगळं सांगावं लागतं. खोळीची नाडी सोडून मी त्यांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाखवल्या. ते जरा हिरमुसले आणि झोपले.

कणकवलीला संध्याकाळी तुतारी एक्सप्रेस पकडली होती. केशवसुतांच्या कवितेवरून नाव मिळालेली ही गाडी वाजवणाऱ्यांना लाभावी, अशी माझी आपली समजूत. खालचा बर्थ मिळाला होता, त्यातला अर्धा पेटीला दिला. बाकाखाली ठेवायची हिंमत झाली नाही. तिथे कोणाची तरी पाण्याची बाटली सांडतेच, आणि पेटीच्या भात्याला पाणी लागलं की पुठ्ठा फुगून सगळं संपतं. रात्रभर पाय पोटाशी घेऊन झोपलो. सकाळी दादरला उतरलो तेव्हा मान एका बाजूला धरलेली, पेटी मात्र ठणठणीत.

ठणठणीत म्हणजे आमच्या हिशेबाने. एक सूर सोडून.

ही पेटी माझ्या थोरल्या चुलत्यांची, आबांची. आबा सातरस्त्याजवळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाला होते. १९७४च्या दिवाळीत बोनस हातात पडला, तसे ते घरी पैसे पाठवण्याआधी पेटी घेऊन मोकळे झाले. त्यावरून आमच्या घरात पुढे किती वर्षं बोलणी झाली ते सोडा. जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आबाही. वर्षभर वाट पाहून ते गावी आले ते एक ट्रंक, एक वळकटी आणि ही पेटी घेऊन. पुन्हा मुंबईला गेले नाहीत. पेटीही गेली नव्हती. आता चाळीसहून अधिक वर्षांनी ती टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून लालबागला निघाली होती.

लालबागला आमच्या गावकऱ्यांची खोली आहे. गिरणगावात अशा खोल्या पुष्कळ होत्या. एका गावची माणसं मिळून एक खोली धरायची आणि गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपायची. पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच्याच चटईवर तिसऱ्या पाळीचा आडवा. आबांच्या वेळी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीवर तिसेक जणांची नावं होती. आता सात पोरं राहतात, कुरियरवाली, मॉलमधली, एक हॉस्पिटलात वॉर्डबॉय. शिवाय सध्या तात्या आले होते, मोतीबिंदूसाठी. ऐंशी ओलांडलेले, आबांच्याच साच्याशेजारचे. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मी दारात उभा राहिलो तर म्हणाले, "इलंस? पेटी खंय हा?"

माझी विचारपूस चहानंतर झाली.

दुपारी पेटी घेऊन गिरगावात गेलो. ठाकूरद्वारच्या बाजूला एका गल्लीत, जिन्याखाली, एक मिस्त्री पेट्या दुरुस्त करतात असं कळलं होतं. नाव-पत्ता देत नाही. त्यांच्याकडे आधीच अकरा पेट्या रांगेत आहेत आणि मी कबूल केलंय की बाराव्या माणसाला पाठवणार नाही. त्यांनी भाता एकदा उघडला, एकेक पट्टी खालून वर दाबत गेले आणि मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या सातवर, म्हणजे सातव्या पांढऱ्या पट्टीवर थांबले. पुन्हा दाबली. पट्टी खाली गेली, आवाज नाही.

"हे कधीपासून?"
"बारा वर्षं झाली."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. डॉक्टर बघतात तसं. "शनिवारी या, मास्तर."

मी मास्तर नाही. हायस्कुलात क्लार्क आहे. पण भजनात पेटी धरणाऱ्याला मास्तर म्हणायची पद्धत आहे आणि मी ती कधी मोडून काढली नाही.

शुक्रवार

रात्री डोंबिवलीला ताईकडे राहिलो, त्याचं कारण भावोजींचं लोकलमधलं भजन. कित्येक वर्षं ऐकून होतो, बघायचं राहिलं होतं.

सकाळची फास्ट लोकल. त्यांचा डबा ठरलेला, डब्यातली जागाही ठरलेली. गाडी फलाटाला लागता लागता एकाने खिडकीवरच्या पट्टीला विठोबाची तसबीर अडकवली, दुसऱ्याने पिशवीतून टाळ काढून वाटले, तिसऱ्याने ढोलकी पोटाशी धरली. ढोलकी पोटाशी धरायची म्हणजे खरंच धरायची, कारण बाजूला ठेवायला जागाच नाही. पेटी नसते. पेटीला लागेल तेवढ्या जागेत तीन माणसं उभी राहतात.

मग सूर कोणाचा घ्यायचा? भावोजी म्हणाले, गाडीचा. मला चेष्टा वाटली. पण गाडी सुटताना पायाखालून मोटरचा एक सूर सरकत वर चढतो आणि वेग धरला की जरा ठरतो. मुख्य गाणारे काका त्या ठरलेल्या सुरात "जय जय राम कृष्ण हरी" उचलत होते. ठाण्यानंतर गाडीने वेग बदलला, काकांनी आपला सा सोडला नाही. हे मला जमलं नसतं.

कार्यक्रम स्टेशनांवर बेतलेला. मुलुंड मागे पडेपर्यंत अभंग, घाटकोपरच्या अलीकडे गवळण, कुर्ल्याला भैरवी. आरती दादरच्या आत उरकायची, कारण दादरला निम्मं मंडळ उतरतं. घाटकोपर ते कुर्ला या वेळात एवढी घाईची भैरवी मी ऐकली नव्हती. पण कोमल निषाद स्वच्छ लागत होता. माझे कान हल्ली तिकडेच असतात. समोर एक तरुण मुलगी कानात बोंडं खुपसून कपाळाला आठ्या घालून बसली होती, तिचंही मला काही चुकलं असं वाटलं नाही. रोज सकाळी तासभर दुसऱ्याची भक्ती ऐकायची म्हणजे सोपं नाही. तिला प्रसादाची खडीसाखर मिळाली ती तिने घेतली.

मी भायखळ्याला उतरून चोरबाजार गाठला. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद आणि रस्त्यावरच बाजार. खरा बाजार पहाटेचा, तो उठत आला होता. मटण स्ट्रीटला एका चादरीवर कुलपं, कॅमेऱ्यांची भिंगं, एक पितळी समई आणि जुन्या तबकड्यांची चळत. ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. चळत खालून वर बघत गेलो. एकीवरचा कागद पुसट झालेला, नाव गेलेलं, फक्त "हार्मोनियम" एवढंच वाचता येत होतं. हात तिथेच थांबला.

"तीनशे," चादरवाला म्हणाला.
"वाजते का?"

त्याने शेजारच्या माणसाला हाक मारली, त्याच्याकडे चावीचा फोनो होता. सुई टेकली. आधी नुसती खरखर, मग खूप लांबून आल्यासारखी पेटी, द्रुत लयीत. तबकडीला एक तडा होता. प्रत्येक फेरीला टक. मिनिटाला ७८ टक, म्हणजे सेकंदाला एकाहून थोडे जास्त. वाजवणारा आपल्या लयीत, तडा आपल्या लयीत, आणि दोघं अधूनमधून समेवर भेटत होते. मी उभ्या उभ्या बोटं मोजत होतो. तीन-साडेतीन मिनिटांत एक बाजू संपली. दीडशेला घेतली. माझ्याकडे फोनो नाही. ताईने हे विचारलंच.

तिथून भेंडीबाजार म्हणजे दहा पावलं. अर्धा भाग पाडून नवे मनोरे उभे राहतायत. कोणत्या गल्लीत कोण राहत होतं हे शोधायला गेलो नाही, सापडलं नसतं. पण एवढं माहीत होतं की एकोणिसाव्या शतकात मुरादाबादकडून छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ इथे येऊन राहिले आणि त्यांच्या गाण्याला या बाजाराचंच नाव पडलं. एरवी घराण्यांना ग्वाल्हेर, आग्रा अशी शहरांची नावं. हे एक बाजाराचं. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांनी दक्षिणेतला हंसध्वनी आपल्याकडे रुजवला.

हंसध्वनी हा माझा लाडका राग, आणि त्याचं कारण सांगायला मला आजवर लाज वाटत होती. आमच्या बुवांचा सा काळी एकला, पहिल्या काळ्या पट्टीवर. म्हणजे पांढरी सात हा कोमल निषाद. हंसध्वनीत निषाद शुद्ध, तो पडतो पुढच्या पांढऱ्या एकवर, आणि मध्यम-धैवत नाहीतच. आमच्या पेटीसाठीच केलेला राग! तसाच भूप, तसाच दुर्गा. त्यांत तर निषादाची भानगडच नाही. बारा वर्षं मी जिथे तिथे भूप, दुर्गा आणि हंसध्वनीच्या चाली लावल्या. गावात लोक म्हणायचे, मास्तरांना प्रसन्न राग आवडतात. शाळेच्या निरोप समारंभातसुद्धा भूप.

संध्याकाळी धोबी तलावला जेर महालात फुर्टाडोजच्या काचेला नाक लावून उभा होतो. १८६५पासूनची ही पेढी, पियानो आणि व्हायोलिनवाल्यांचं पंढरपूर. आत एक शाळकरी पोरगा व्हायोलिन खांद्यावर घेऊन बघत होता आणि त्याची आई किमतीची चिठ्ठी उलटून बघत होती. मी आत गेलो नाही, माझ्या हातात तुटकी तबकडी होती. मला बघायचा होता वरचा मजला. जेर महालात गोयंकारांचे कूड आहेत, म्हणजे गावागावाचे क्लब. एका गावची माणसं, एक खोली, भिंतीला लागून ट्रंका, कोपऱ्यात देव. आमच्या लालबागच्या खोलीसारखंच, फक्त देव वेगळा आणि बाजा वेगळा. तिथल्या जिन्यातून खाली आलेली कितीतरी माणसं सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवत होती. आमच्या जिन्यातून खाली आलेली माणसं गिरणीत गेली आणि रात्री भजनाला बसली. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून वर बघितलं. एका म्हाताऱ्याने विचारलं कोण पाहिजे. कोणी नको म्हणून निघालो.

शनिवार

मिस्त्रींनी अकरा वाजता बोलावलं होतं, मी दहालाच हजर. "अजून चहा व्हायचाय," म्हणाले. तासभर फिरून आलो. ऑपेरा हाऊसच्या बाजूला गेलो, नूतनीकरणानंतर २०१६ला पुन्हा उघडलेलं ते देखणं थिएटर बाहेरूनच पाहिलं. याच भागात प्रोफेसर देवधरांची संगीतशाळा, १९२५ सालची. लहानगे कुमार गंधर्व इथे शिकायला राहिले. मला मात्र त्या रस्त्यावर आठवलं ते वेगळंच. १९९६मध्ये मी याच फुटपाथवरून डबलबारीच्या, म्हणजे भजनी बुवांच्या सामन्याच्या, चार कॅसेटी घेऊन गेलो होतो, परशुराम पांचाळबुवांच्या दोन आणि काशीराम परबबुवांच्या दोन. त्यांतल्या एकीत दुसऱ्या बाजूला भलत्याच कुणाचं तरी लग्नातलं बँड निघालं. तेही मी पाठ केलं.

परत आलो तर पेटी उघडी पडली होती. स्वतःची पेटी आतून बघणं हा एक प्रकारचा संकोच असतो. सुरांची फळी बाहेर काढून पाठीवर निजवलेली, त्यावर पितळी सूर दोन ओळींत, खर्जाचे, म्हणजे जाड आवाजाचे, लांबट आणि नराचे, म्हणजे बारीक आवाजाचे, आखूड. कोकणातल्या हवेने पितळेवर हिरवट पुटं चढली होती. दोन ठिकाणी कसरीने चामडं खाल्लेलं. मिस्त्रींनी चिमट्याने एक कागदाची घडी उचलून माझ्यापुढे धरली.

"हे काय?"

वीजबिलाची पावती. मीच घातलेली.

मग सगळं सांगावं लागलं. पांढऱ्या सातचा नर जरा उतरला होता. मी एका पुस्तकात वाचलं होतं की सुराच्या जिभेचं टोक घासलं की ती हलकी होऊन सूर चढतो आणि बुडाशी घासलं की उतरतो. हे खरंच आहे. खोटा होता तो माझा हात. दाढीचं ब्लेड घेऊन बसलो. टोक घासलं, सूर चढला, जरा जास्तच. म्हणून बुडाशी घासलं, उतरला, जरा जास्तच. पुन्हा टोक. दुपारभर हे. चहाच्या वेळेला जीभ मुळातून टिचकन तुटली. जोडीचा खर्ज एकटा उरला, तो म्हशीसारखा रेकायला लागला, म्हणून त्याच्याखाली पावतीची घडी सरकवून त्यालाही गप्प केला. तात्पुरतं.

"म्हणजे तुमचा कोमल निषाद बारा वर्षं विजेचं बिल होता," मिस्त्री म्हणाले, आणि हसले नाहीत.

त्यांच्याकडे तंबाखूचे पाच-सहा डबे होते, मोडीत निघालेल्या पेट्यांचे सूर भरलेले. एकेक सूर काढून नखाने जीभ टिचकवायचे, कानाशी न्यायचे, परत टाकायचे. चौथ्या डब्यात मनाजोगता मिळाला. "पालिताणा," म्हणाले. पेटीच्या सुरांसाठी गुजरातचं ते गाव या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. पातळ पत्र्याची पट्टी जिभेखाली सरकवली, वर कानस अशी धरली की जणू लोणी काढतायत. दोन हात मारले, सूर टेबलावरच्या भात्यावर ठेवून वाजवला, ऐकला. पुन्हा एक हात. भाता, कान. माझ्या दुपारभराच्या कामात आणि यांच्या कामात फरक एवढाच की ते दर वेळी आधी ऐकत होते आणि मग घासत होते. मी आधी घासत होतो.

भिंतीवर पेटीवादक गोविंदराव टेंब्यांचा फोटो होता. फोटोखाली बसून मिस्त्री पेटीच्या बदनामीबद्दल बोलले. १९४० ते १९७१, आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. कारण असं की पेटीचे सूर ठोकून बसवलेले; तिला मींड काढता येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि बारा पट्ट्यांत आपल्या बावीस श्रुती कुठून मावणार. आक्षेप खोटा म्हणता येत नाही. ऐकून मी गप्पच राहिलो. त्यांच्या दृष्टीने बारा सूर कमी होते, मी तर अकरांवर दोन सप्ताह आणि बारा गणपती काढले होते. आबांनी पेटी घेतली ती बंदी उठल्यानंतर तीनच वर्षांनी, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आबांना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"नवा सूर जरा उघडा बोलेल," पेटी बंद करण्याआधी त्यांनी बजावलं. "दोनेक वर्षं वाजवा, मग बाकीच्यांत मिसळेल. आणि ब्लेड दाढीलाच वापरा. सोमवारी घेऊन जा."

सव्वीसशे झाले. चामडं, स्प्रिंगा, भात्याचं ठिगळ सगळं धरून. मी चार हजार धरून आलो होतो, उरलेल्यातून चिवडा गल्लीत तीन किलो चिवडा घेतला.

रविवार

संध्याकाळी चाळीच्या पटांगणात डबलबारी. पूर्वी हे कार्यक्रम परळच्या दामोदरला असत. १९२२ सालचं ते नाट्यगृह २०२३पासून बंद आहे, त्यामुळे आता जिथे पटांगण मिळेल तिथे.

डबलबारी न पाहिलेल्यांसाठी सांगतो. दोन बुवा समोरासमोर, दोघांच्या पुढ्यात पेटी, बाजूला पखवाज, झांज, मागे कोरस. आधी एकाची बारी, मग दुसऱ्याची. नमन, रूपावली, अभंग, गजर, गवळण अशी चढण, आणि मधे एकमेकांना पुराणातले सवाल आणि चिमटे. पहिल्या बुवांनी विचारलं, अठरा दिवस कुरुक्षेत्रावर युद्ध चालू होतं तेव्हा बलराम कुठे होता? दुसऱ्यांनी आपल्या बारीत सरळ उत्तर दिलं, तीर्थयात्रेला. आणि भाता हलवत पुढे म्हणाले, बलरामाचं समजलं बुवा, पण गेले सहा महिने रियाजाच्या वेळी तुम्ही कुठे होता? पटांगण उसळलं. पहिले बुवाही हसले, पण पुढच्या गजरात त्यांनी जी लय काढली ती रागाचीच होती.

माझी तक्रार एकच, ते इको. माइकमधून आलेला शब्द तीन-तीनदा ऐकू येतो, पखवाजाच्या थापेला शेपूट फुटतं. पोरांना ते आवडतं. त्यांना वाटतं त्याशिवाय भजन भरत नाही.

दहाला माइक बंद. नियमच आहे, समोर पोलीसदादा घड्याळ बघत उभे होते. मंडप रिकामा झाला आणि आठ-दहा जण आमच्या खोलीत चहाला आले. एका बुवांची पेटी तिथेच होती, नवी, वर्षाचीही नसेल, सगळे सूर बोलणारी. आमच्या वाडीतला एक पोरगा, कुरियरवाला, भीतभीत म्हणाला, वाजवू? बुवा म्हणाले वाजव की. हा माझ्याकडेच शिकलेला, सातवीत असल्यापासून. मी जरा ताठ बसलो.

छान वाजवत होता. हात मोकळा झालाय. मुंबईत राहून लय आली आहे. शेवटी भैरवीला आला, कोमल धैवतावर गेला, आणि तिथून टुणकन उडी मारून षड्जावर.

मला वाटलं चुकून झालं. पुन्हा त्याच जागी आला, पुन्हा उडी. पांढरी सात त्याच्या करंगळीखाली होती, धडधाकट. तो तिला खड्डा चुकवल्यासारखा चुकवत होता.

कोणाच्या काही लक्षात आलं नाही. बुवा म्हणाले, "वेगळीच जागा आहे हां तुमची. कोणाची?"

पोरगं माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, "मास्तरांची."

बारा वाजून गेले होते. मी चहाचे कप गोळा करायला उठलो.

सोमवार

पेटी आणली. दिवसभर उघडली नाही, प्रवासाला बांधून ठेवली. वहिनींसाठी लालबागचा मसाला घेतला, पोरांचा निरोप घेतला, तात्यांच्या पाया पडलो आणि रात्री अकराला दादरच्या फलाटावर. तुतारी बारा-पाचची.

गाडी लागली. माझ्या बर्थवर एक जोडपं बाळाला थोपटत होतं. मी नम्रपणे तिकीट दाखवलं. त्यांनी त्यांचं दाखवलं. टीसी आले, माझा फोन हातात घेऊन बघितला आणि परत दिला.

"काका, ही गाडी काल गेली."

बारा-पाच म्हणजे तारीख उलटल्यावर. सोमवारची गाडी रविवारी रात्री फलाटावर येऊन बसायला हवं होतं. मी सोमवारी रात्री आलो. ती सुटली तेव्हा मी लालबागला कोमल निषाद शोधत बसलो होतो. हायस्कुलात तीस वर्षं हजेरीपटाच्या तारखा लिहिणारा मी!

एक वाजता पेटी खांद्यावर घेऊन चाळीचा जिना चढलो. कुरियरवाल्या पोराने दार उघडलं, काही न विचारता चटई टाकली. तात्या जागेच होते.

"चुकली?"
"चुकली."
"मगे आता वाजय."

एवढ्या रात्री? पण भाता हळू हलवला तर पेटी कुजबुजते. नाहीतरी झोप येणार नव्हती. खोळ काढली, खर्ज बंद ठेवून नुसता नर उघडला, काळी एकचा सा धरला. तात्या पडल्या पडल्या ऐकत होते, चांगला डोळा मिटून. आबांची म्हणून एक भैरवीतली चाल आमच्याकडे आहे, तीच घेतली. अंतऱ्यावरून खाली येताना सगळं नीट. वर जाताना बोट कोमल धैवतावर गेलं आणि तिथून उडी.

सव्वीसशे रुपये दिलेला सूर बाजूला राहिला.

"नी खंय गेलो रे?" तात्या म्हणाले.

मी म्हटलं, तात्या, मधे तो बिघडला होता, सवय झाली.

"आबा थंय जरा रवायचो," ते म्हणाले. "सा वर जायची घाय नाय करायचो. आमी वाट बघूक होव."

थंय रवायचो. मी हे कधी ऐकलेलंच नव्हतं. आबा गेले तेव्हा मी पेटी उचलली, आणि काही वर्षांनी तो सूर मोडला. आबांची चाल म्हणून जी मी शिकवत होतो, तिच्यातून आबा थांबायचे तीच जागा गेली होती.

पुन्हा धैवतावर गेलो. बोट उचललंच होतं, ते दाबून खाली आणलं. पांढरी सात वाजली. मिस्त्री म्हणाले होते तशी, उघडी, बाकीच्यांहून जरा मोठ्याने, पाहुणा घरात मोठ्याने बोलतो तशी. मी दचकून भाता सोडला.

"रव थंय," तात्या म्हणाले. "परत."

कुरियरवाला पोरगा चटईवर उठून बसला होता. सकाळी सातला त्याची ड्युटी. मी पेटी त्याच्याकडे सरकवली. त्याने ध घेतला, आणि उडी मारली. मग स्वतःच थांबला. माझ्याकडे बघितलं. परत ध, नी. थांबला. सा.

"पयलो घायत इलो," तात्या म्हणाले. "परत."

अडीच वाजता पलीकडच्या खोलीतून कोणीतरी भिंतीवर तीनदा थाप मारली. आम्ही पेटी बंद केली. पोरगा अंधारात बोटं पोटावर आपटत होता, ध नी सा, ध नी सा, आणि मधे थांबत होता.

मंगळवार

सकाळच्या मांडवीने, जनरल डब्यातून. पेटी मांडीवर, चिवडा पायाशी. पनवेलला शेजारच्या बाईंनी विचारलं, यात काय आहे. मी सांगितलं, बाजा.